युती मोडली तर आमदार अपात्र का होत नाहीत? (आणि पाठिंब्याच्या पत्राचे गणित)

(चर्चेचा धागा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

खिडकीपाशी

पक्षांतरबंदी कायद्याबद्दल वाचताना तीन ठिकाणी अडकायला होते. जाणकारांनी सोडवावे.

एक. दोन पक्ष युती करून मते मागतात, निकालानंतर एक पक्ष सरळ समोरच्यांबरोबर सरकार बनवतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रात हेच झाले. एकट्या आमदाराने पक्ष बदलला तर आमदारकी जाते, मग अख्ख्या पक्षाने बाजू बदलली तर कोणाचेच काही का जात नाही?

दोन. राज्यपाल आधी कोणाला बोलावतात? सर्वांत मोठ्या पक्षाला की सर्वांत मोठ्या युतीला? आणि 'पाठिंब्याचे पत्र' म्हणजे नेमका कोणता कागद, त्यावर कोणाची सही चालते?

तीन. 'दोन तृतीयांश फुटले की वाचले' असे चॅनलवर दिवसभर ऐकू येते. हे कितपत खरे?

कृपया 'सगळे चोर आहेत' छापाची उत्तरे नकोत. ती नाक्यावर फुकट मिळतात.

तळटीप

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात: कायद्याला पक्ष दिसतो, युती दिसत नाही.

आता जरा फोड करून. उमेदवार अर्ज भरतो तेव्हा त्याला चिन्ह मिळते ते एबी फॉर्मवर. ए फॉर्ममध्ये पक्ष कळवतो की उमेदवारी द्यायचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे, त्याच्या सहीचा नमुना हा. बी फॉर्ममध्ये तो पदाधिकारी लिहितो की या मतदारसंघात आमचा उमेदवार हा, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी तो. दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या टेबलावर लागतात, सही शाईची लागते. या सगळ्या कागदपत्रांत 'आमची अमुक पक्षाशी युती आहे' असे लिहायला एक रकाना नाही. युतीची घोषणा पत्रकार परिषदेत होते, निवडणूक आयोगाच्या दप्तरात नाही.

म्हणूनच ती तितक्याच सहज मोडते. २०१४ ची विधानसभा आठवा. २५ सप्टेंबरला संध्याकाळी शिवसेना-भाजप युती तुटली आणि त्याच दिवशी काँग्रेस-राष्ट्रवादीची आघाडीही तुटली. अर्जाची मुदत २७ ला संपत होती. दोन दिवसांत चारही पक्षांना जवळजवळ सगळ्या जागांवर उमेदवार शोधावे लागले. कोणालाही कुठे घटस्फोटाचा अर्ज करावा लागला नाही.

दहावे परिशिष्ट (१९८५ ची ५२ वी घटनादुरुस्ती) फक्त दोन गोष्टींवर आमदार-खासदाराला अपात्र ठरवते. त्याने आपल्या पक्षाचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडले, किंवा पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले वा मतदानाला गैरहजर राहिला, आणि पक्षाने १५ दिवसांत त्याला माफ केले नाही. दोन्हीकडे मोजपट्टी म्हणजे त्याचा स्वतःचा पक्ष. पक्षानेच ठरवले की समोरच्यांबरोबर जायचे, तर बरोबर जाणारा आमदार शिस्तीचा आणि 'मी मतदारांना दिलेल्या शब्दाला जागणार' म्हणून मागे राहणारा बंडखोर. नैतिकदृष्ट्या उलटे वाटेल, पण कायदा असाच लिहिलेला आहे.

अपक्षांचे वेगळे. अपक्ष निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेला तर अपात्र. पण अपक्ष राहूनच सरकारला पाठिंबा दिला, अगदी मंत्री झाला तरी चालते. त्यामुळे १९९५ मध्ये ४५ अपक्ष निवडून आले तेव्हा शिवसेना (७३) आणि भाजप (६५) यांचे १३८ वर अडलेले गाडे पुढे सरकले.

एकशेपंचेचाळीस

दुसरा प्रश्न माझा आवडता.

राज्यपालांनी कोणाला बोलवायचे हे राज्यघटनेत कुठेच लिहिलेले नाही. कलम १६४ एवढेच म्हणते की मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतील आणि मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असेल. बाकीची भर सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात घातली. त्यांचा क्रम असा: आधी निवडणूकपूर्व युती. ती नसेल किंवा तिला बहुमत नसेल तर इतरांच्या पाठिंब्यासह दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष. मग निकालानंतर जुळलेली आघाडी, जिच्यात सगळे घटक सरकारात सामील होणार आहेत. शेवटी अशी आघाडी जिच्यात काही सरकारात आणि काही बाहेरून. २०१० च्या पुंछी आयोगाने तर निवडणूकपूर्व युतीला एकच पक्ष मानावे असे सुचवले.

गंमत अशी की हा क्रम बंधनकारक नाही. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी काँग्रेस १७ आणि भाजप १३ अशी स्थिती होती. सरकार भाजपचे आले, कारण मगोपचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे) ३, गोवा फॉरवर्डचे ३ आणि काही अपक्ष यांची पत्रे त्यांनी आधी राजभवनात पोहोचवली. काँग्रेस सुप्रीम कोर्टात गेली तेव्हा न्यायालयाचा रोख असा होता की तुम्ही तुमचे आकडे राज्यपालांपुढे का ठेवले नाहीत? १६ मार्चच्या बहुमत चाचणीत भाजपच्या पर्रीकरांना २२ मते, विरोधात १६. वर्षभराने कर्नाटकात नेमके उलटे. काँग्रेस आणि जेडीएस यांची एकत्र पत्रे तयार असूनही राज्यपालांनी १०४ जागांच्या भाजपला बोलावले आणि बहुमतासाठी १५ दिवस दिले. न्यायालयाने ते १९ मे २०१८ वर आणले आणि येडियुरप्पांनी मतदानाआधीच राजीनामा दिला.

या दोन्हींतून एकच धडा पक्षांच्या कार्यालयांनी उचलला: निकालाच्या रात्री पत्र तयार पाहिजे, उद्या नव्हे.

आता पत्राबद्दल. दोन प्रकारचे कागद असतात. एक, पक्षाच्या गटनेत्याचे पत्र: 'आमचे अमुक आमदार अमुक यांच्या नेतृत्वाखालील सरकारला पाठिंबा देत आहेत.' दोन, त्याला जोडलेली सह्यांची यादी, प्रत्येकाचे नाव, मतदारसंघ, सही. गटनेत्याचे पत्र चालते, कारण त्याची निवड बैठकीत ठराव करून झालेली असते आणि ती विधिमंडळ सचिवालयाला कळवलेली असते. पण सह्यांची यादी जोडली नसेल तर राज्यपालांना शंका घ्यायला जागा राहते.

आणि यादी असली तरी तिच्यावर मथळा काय आहे हे बघायचे. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटेच्या शपथविधीचे प्रकरण याच्यावरच अडले. अजित पवारांनी राष्ट्रवादीच्या ५४ आमदारांच्या सह्यांचा कागद दिला. दुसऱ्या बाजूचा न्यायालयातला युक्तिवाद असा होता की या सह्या गटनेता निवडल्याच्या आहेत, भाजपला पाठिंबा दिल्याच्या नाहीत. सह्या खोट्या होत्या असे कोणी म्हणत नव्हते, वाद होता तो वरच्या ओळीचा. म्हणून तेव्हापासून जाणते लोक आमदारांची सही घेताना पानावर उद्देश, तारीख आणि वेळ आधी लिहून घेतात. कोऱ्या हजेरीपत्रकावर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही.

त्याच महिन्यात उलट बाजूची चूकही झाली होती. ११ नोव्हेंबरला शिवसेनेला दिलेली मुदत संध्याकाळी साडेसातपर्यंत होती. इच्छा होती, पण काँग्रेस-राष्ट्रवादीची पत्रे हातात नव्हती. तीन दिवस वाढवून मागितले, मिळाले नाहीत. १२ तारखेला राष्ट्रपती राजवट. 'चर्चा सकारात्मक आहे' या वाक्याला राजभवनात शून्य किंमत असते.

कोकणकडा

@एकशेपंचेचाळीस, पत्राला तुम्ही फारच महत्त्व देताय. सुप्रीम कोर्टाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानंतर बहुमत राजभवनात नाही, सभागृहात ठरते. पत्र फक्त दार उघडते.

एकशेपंचेचाळीस

मान्य. पण दार कोणासाठी आधी उघडले यावर पुढचे बरेच काही ठरते. शपथ ज्याची झाली त्याच्या हाती प्रशासन, आणि तळ्यात-मळ्यात असलेल्या आमदारांना त्याच्याकडे देण्यासारखे काहीतरी असते. म्हणून न्यायालये आता मुदत दिवसांत नाही, तासांत मोजतात. २६ नोव्हेंबर २०१९ चा आदेश बघा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आमदारांच्या शपथा पूर्ण करायच्या आणि लगेच चाचणी घ्यायची, हंगामी अध्यक्षांपुढे, उघड मतदानाने, थेट प्रक्षेपणासह. गुप्त मतदान नको हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. उघड मतदान असले की व्हीप (पक्षाचा मतदानाचा आदेश) कोणी मोडला ते दिसते. आदेश आला त्याच दिवशी दुपारी ते पहाटेचे सरकार पडले, चाचणीची गरजच उरली नाही.

मोजमाप

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो. 'दोन तृतीयांश फुटले की वाचले' हे अर्धवट आहे, आणि अर्धवटपणामुळेच इतके गोंधळ.

मूळ कायद्यात एक तृतीयांश आमदार बाहेर पडले तर ती 'फूट' मानून त्यांना संरक्षण होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते कलमच उडवले. आता उरले आहे ते चौथ्या परिच्छेदातले विलीनीकरण. म्हणजे मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि विधिमंडळ पक्षातल्या किमान दोन तृतीयांश सदस्यांनी ते मान्य केले, तर ते अपात्र होत नाहीत. नुसते दोन तृतीयांश एकत्र बसून वेगळा गट केला तर संरक्षण नाही, कुठल्या तरी पक्षात जावे लागते.

गोव्याने हे गणित किती बारीक करता येते ते दाखवले. मार्च २०१९ मध्ये मगोपच्या तीन आमदारांपैकी दोन भाजपमध्ये विलीन झाले. तीनचे दोन तृतीयांश म्हणजे दोन. कायद्याची अट पूर्ण, तिसरे आमदार सुदिन ढवळीकर उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १०. पुन्हा बरोबर दोन तृतीयांश, एकही जास्त नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ११ पैकी ८ (११ चे दोन तृतीयांश ७.३३, अपूर्णांक चालत नाही म्हणून आठ). यावर आक्षेप असा की मूळ पक्ष तर विलीन झालाच नाही, दिल्लीतली काँग्रेस होती तिथेच आहे! पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये २०१९ च्या विलीनीकरणाबाबत सभापतींचा निर्णय कायम ठेवला. मला स्वतःला तो अर्थ पटत नाही. परिच्छेदाची भाषा आधी पक्षाचे विलीनीकरण मागते, आमदारांची संमती नंतर. पण आजचा व्यवहार त्या निकालावर चालतो.

लहान पक्षांचे दुखणे यातच आहे. तीन आमदारांचा पक्ष फोडायला दोन माणसे पुरतात. ५५ जणांचा फोडायला ३७ लागतात.

आता महाराष्ट्र २०२२. तिथे शिवसेनेचे ५५ आमदार (५६ निवडून आले होते, एकाचे निधन झाले होते). दोन तृतीयांश ३७ होतात म्हणून चॅनलवर ३७ चा घोष चालला होता. पण शिंदे गटाने विलीनीकरणाचा रस्ता घेतलाच नाही. त्यांचा दावा होता की आम्ही कुठे गेलोच नाही, मूळ पक्ष आम्हीच. मग प्रश्न दहाव्या परिशिष्टाचा उरत नाही, 'पक्ष कोणाचा' हा होतो. त्याचे दोन वेगवेगळे निवाडे दोन वेगवेगळ्या टेबलांवर होतात. चिन्ह आणि नाव निवडणूक आयोग ठरवतो, १९६८ च्या चिन्ह आदेशाच्या १५ व्या परिच्छेदाखाली. तो १७ फेब्रुवारी २०२३ ला शिंदे गटाच्या बाजूने लागला. अपात्रता विधानसभा अध्यक्ष ठरवतात. तो १० जानेवारी २०२४ ला लागला: दोन्हीकडचे कोणीच अपात्र नाही. राष्ट्रवादीच्या बाबतीत जुलै २०२३ च्या फुटीनंतर हाच क्रम: आयोग ६ फेब्रुवारी २०२४, अध्यक्ष १५ फेब्रुवारी.

तळटीप

@मोजमाप, एक जोड. व्हीप कोण बजावतो या मुद्द्यावर ११ मे २०२३ चा घटनापीठाचा निकाल स्पष्ट आहे. प्रतोद (व्हीप बजावणारा) आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, आमदारांच्या गटाचा नाही. म्हणून भरत गोगावले यांना प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदा ठरली. त्याच निकालाने राज्यपालांनी चाचणी बोलावणे चूक ठरवले. तरी जुने सरकार परत आले नाही, कारण उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ च्या रात्री चाचणीला सामोरे न जाता स्वतः राजीनामा दिला होता. न्यायालय म्हणाले, स्वेच्छेने दिलेला राजीनामा आम्ही रद्द करू शकत नाही. वकील मंडळींना विचारा, त्या रात्रीबद्दल अजून हळहळतात. सभागृहात हरले असते तर पुढचा सगळा खटला वेगळ्या पायावर उभा राहिला असता.

व्हीपबद्दल एक गैरसमज दूर करतो. व्हीप मोडला की आमदारकी लगेच जात नाही. मत मोजले जाते, ते बाद होत नाही. नंतर अध्यक्षांकडे याचिका, नोटीस, उत्तर, सुनावणी. २०२० च्या मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांत निकाल द्यावा असे म्हटले. महाराष्ट्रात दीड वर्ष लागले.

खिडकीपाशी

भरभरून मिळाले, आभारी आहे. मग पुढचा प्रश्न. युतीला कायद्याचा आधारच नसेल तर सरकारे पाच वर्षे टिकतात कशाच्या जोरावर? किमान समान कार्यक्रमावर? आणि बाहेरून पाठिंबा व सरकारात सामील होणे यात व्यवहारात काय फरक पडतो?

पाचवामजला

किमान समान कार्यक्रम बहुतेकदा शपथविधीच्या दिवशी जाहीर होतो आणि त्यानंतर फारसे कोणी तो उघडत नाही. सरकार टिकते ते वाटपावर. 'वाटप' हा शब्द वाईट अर्थाने घेऊ नका, यंत्रणा म्हणून बघा.

पहिले बंधन आकड्याचे. ९१ व्या दुरुस्तीने मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे ४३. लहान राज्यांना किमान १२ ची सवलत, म्हणून ४० आमदारांच्या गोव्यात १२ मंत्री. याआधी अशी मर्यादाच नव्हती. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याण सिंहांच्या मंत्रिमंडळात नव्वदहून अधिक मंत्री होते, फुटून आलेला जवळपास प्रत्येकजण मंत्री. आता ते जमत नाही. म्हणून महामंडळांची अध्यक्षपदे आणि सभागृहाच्या समित्या ही दुसऱ्या फळीची चलने झाली.

दुसरे, पदांचा विनिमय. २००४ मध्ये राष्ट्रवादीचे ७१ आणि काँग्रेसचे ६९ आमदार होते. मोठा पक्ष राष्ट्रवादी, पण मुख्यमंत्री झाले काँग्रेसचे विलासराव देशमुख. बदल्यात राष्ट्रवादीने मंत्रिपदे जास्त घेतली. एका खुर्चीच्या बदल्यात अनेक खाती, हा सौदा तेव्हा अनेकांना घाटयाचा वाटला. खात्यांच्या बाजूने बघितले तर तसा नव्हता.

कारण खात्याखात्यांत फरक आहे. अर्थ खाते ज्याच्याकडे, त्याच्या टेबलावरून पैशाची जवळजवळ प्रत्येक फाइल जाते, मग ती कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याची असो. 'आमच्या मतदारसंघांना निधी मिळत नाही' ही २०२२ च्या बंडावेळची शिवसेनेच्या आमदारांची तक्रार याच टेबलाकडे बोट दाखवत होती. उपमुख्यमंत्रिपदाला मात्र घटनेत स्थान नाही. शपथ मंत्र्याचीच, वजन सोबत मिळालेल्या खात्याचे. राज्यात हे पद सर्वप्रथम १९७८ मध्ये आले, वसंतदादांच्या सरकारात नासिकराव तिरपुडे यांच्यासाठी, आणि तेही दोन काँग्रेसच्या आघाडीची सोय म्हणूनच.

तिसरे, ज्याकडे मुंबईबाहेरचे लोकच लक्ष देतात: पालकमंत्री. जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो. कोणत्या गावचा रस्ता, कोणत्या शाळेच्या खोल्या, कोणते पाणंद रस्ते या यादीवर त्याचा हात असतो. मित्रपक्षाच्या आमदाराला मंत्रिमंडळापेक्षा हे जास्त बोचते. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्र्यांची यादी जाहीर झाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती द्यावी लागली. २८८ पैकी २३० च्या पुढे जागा असलेली युती दोन जिल्ह्यांवर अडली. बहुमत मोठे असले की भांडण होत नाही, हा समज तिथेच निकालात निघाला.

चौथे, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित: विधानसभा अध्यक्षपद. महाविकास आघाडीत ते काँग्रेसकडे होते. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी राजीनामा दिला आणि खुर्ची रिकामी झाली. ती पुढे सव्वा वर्षाहून अधिक काळ भरलीच नाही. आघाडीने डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून अध्यक्षांची निवड गुप्त मतदानाऐवजी उघड पद्धतीने करायचे ठरवले (गुप्त मतदानात आपलीच मते फुटतील ही भीती, दुसरे काय), राज्यपालांनी तारीख दिली नाही. मग जून २०२२ मध्ये शिंदे गटाच्या १६ आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा द्यायची वेळ आली तेव्हा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यावर भार आला. बंडखोरांनी लगेच त्यांनाच हटवण्याची नोटीस दिली. का? कारण २०१६ च्या नबाम रेबिया निकालानुसार ज्या अध्यक्षावर हटवण्याची नोटीस प्रलंबित आहे त्याने अपात्रतेचा निर्णय करायचा नसतो. नोटीस आमदारांच्या स्वतःच्या ईमेलवरून आली नाही म्हणून झिरवाळांनी ती फेटाळली, प्रकरण न्यायालयात गेले, आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत वेळ मिळाला. सरकार ३० जूनलाच बदलले. नव्या आघाडीने पहिले काम काय केले? ३ जुलैला अध्यक्ष निवडला. विश्वासदर्शक ठराव दुसऱ्या दिवशी. अध्यक्षांची निवडही महाविकास आघाडीने बदलून ठेवलेल्या उघड पद्धतीनेच!

दिल्लीवाला काका

बाहेरून पाठिंब्याबद्दल मी लिहितो, महाराष्ट्रातून जरा बाहेर या.

सरकारात सामील झालेला पक्ष प्रत्येक निर्णयाला बांधलेला असतो. सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व आहे, मंत्रिमंडळात विरोध करून बाहेर हात वर करता येत नाहीत. बाहेरून पाठिंबा देणारा मोकळा. लाभ नाही, पण वाभाडे काढायचा हक्क शाबूत. त्यामुळे असे सरकार पडायला कारण किती लहान असावे याला सीमा नसते. चंद्रशेखर यांचे सरकार काँग्रेसच्या बाहेरच्या पाठिंब्यावर होते. राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणाचे दोन पोलीस पाळत ठेवतात या कारणावरून ते ताणले गेले आणि ६ मार्च १९९१ ला पंतप्रधानांनी राजीनामा दिला. चार महिनेही पूर्ण झाले नव्हते.

२००४ ते २००८ डाव्यांनी यूपीएला बाहेरून पाठिंबा दिला तेव्हा समन्वय समिती होती, किमान समान कार्यक्रम होता, तरी अणुकराराच्या मुद्द्यावर जुलै २००८ मध्ये पाठिंबा गेला. फरक एवढाच की तोवर दुसरा आधार शोधायला वेळ मिळाला होता. समाजवादी पक्ष आला, २२ जुलैला २७५ विरुद्ध २५६ ने सरकार वाचले.

काठावरच्या मताचे उदाहरण १७ एप्रिल १९९९ चे. वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० ने पडले. गिरिधर गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण लोकसभेचा राजीनामा दिलेला नव्हता. सभापती बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकावर सोडला आणि त्यांनी मत दिले. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ यांनी पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत दिले. मत मोजले गेले, सरकार पडले, सोझ यांच्यावर पक्षाने कारवाई नंतर केली. तळटीप वर म्हणतात ते हेच: आदेश मोडलेले मतसुद्धा मत असते.

कोकणकडा

काका, अविश्वास ठराव आणि विश्वासदर्शक ठराव यात लोक घोळ करतात तेही सांगून टाका.

दिल्लीवाला काका

अविश्वास ठराव विरोधक आणतात, लोकसभेत नियम १९८ खाली, दाखल करून घ्यायला ५० सदस्यांनी उभे राहावे लागते. विश्वासदर्शक ठराव सरकार स्वतः मांडते, एका ओळीचा, बहुधा राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी सांगितले म्हणून. १९९९ आणि २००८ दोन्ही विश्वासदर्शक होते.

खिडकीपाशी

शेवटचा. '१४५ चा जादुई आकडा' प्रत्येक चाचणीत लागतोच का? काही आमदार आलेच नाहीत तर?

मोजमाप

नाही. १४५ हे २८८ चे बहुमत आहे. ठरावाला लागते हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत. म्हणून आमदार फोडून आपल्याकडे आणण्यापेक्षा त्यांना नुसते दूर ठेवणे स्वस्त पडते. कर्नाटकात २३ जुलै २०१९ ला कुमारस्वामी ९९ विरुद्ध १०५ ने हरले. मते पडली २०४ च. राजीनामे देऊन मुंबईत बसलेल्यांनी विरोधात मत दिलेच नाही, फक्त भाजक कमी केला. पुढे त्यांना सभापतींनी अपात्र केले, न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली पण पोटनिवडणूक लढवायची मुभा दिली. डिसेंबरच्या १५ पोटनिवडणुकांपैकी १२ भाजपने जिंकल्या. अपात्र झालेल्याला पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्री होता येत नाही, म्हणून आधी पोटनिवडणूक, मग शपथ.

आवाजी मतदान झाले तर आकडा कागदावर येतच नाही. १२ नोव्हेंबर २०१४ ला फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव असाच जिंकला. भाजपचे निकालातले आमदार १२२, शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर. अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी 'होय'चे बहुमत जाहीर केले. विरोधकांनी मतविभाजन मागितले ते उशिरा मागितले, असे ठरले. मागणी निकाल जाहीर होण्याआधी, जागेवर उभे राहून, मोठ्याने करावी लागते.

एकशेपंचेचाळीस

आणि मतविभाजन झालेच तर घड्याळ सांभाळा. घंटा वाजते, ती थांबली की सभागृहाची दारे बंद होतात, मग शिरगणती. ३ जुलै २०२२ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत महाविकास आघाडीच्या उमेदवाराला १०७ मते होती. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या विरोधात ९९. सरकारच्या बाजूचा आकडा दोन्ही दिवशी १६४ च. मधल्या आठ मतांतले सगळे फुटलेले नव्हते. अशोक चव्हाण आणि विजय वडेट्टीवार यांच्यासह काही जण त्या सकाळी दाराबाहेर उभे होते.